बंड्याचे साडेसात किलो आणि ठमीचे सातशे ग्रॅम : पुण्यातील एका वजन-दवाखान्याचा दहा महिन्यांचा अनुभव

कोथरूडमध्ये एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर प्राण्यांचा एक लहानसा दवाखाना आहे. तेथे दर गुरुवारी दुपारी फक्त वजन वाढलेल्या कुत्र्या-मांजरांसाठी वेळ राखून ठेवलेली असते. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर आम्ही आमचा लॅब्रेडॉर बंड्या आणि मांजर ठमी या दोघांना तेथे नेऊ लागलो आणि बंड्याला अजूनही नेत आहोत. दवाखान्याचे नाव मी देत नाही, कारण डॉक्टरांनी तशी विनंती केली आहे. "लिहा ना, पण नाव नको. आहेत त्यांचीच वजनं उतरवताना नाकी नऊ येतात," असे त्या म्हणाल्या. पुण्यात गिऱ्हाईक नको म्हणणारे दुकानदार आपण पाहिले आहेत, परंतु येथे कारण खरे होते, कारण गुरुवारच्या दोन तासांत चारच प्राणी तपासले जातात. माझे मत आधीच सांगते : कुत्र्यासाठी ही सेवा पैसे वसूल करणारी आहे, मांजरासाठी निम्मीशीच जमलेली आहे आणि दोन्हीकडे खरी परीक्षा घरातल्या माणसांची होते.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. सहा वर्षांचा बंड्या गेल्या पावसाळ्यापासून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसकण मारू लागला होता. सासूबाईंचे म्हणणे, त्याचे पाय दुखत असावेत. नवऱ्याचे म्हणणे, तो लबाडी करतो. दोघांचेही थोडे थोडे खरे होते. त्याआधी एका दवाखान्यात आम्ही लसीकरणाच्या वेळी वजनाचा विषय काढला होता, तेव्हा "लॅब आहे, चालायचंच," एवढ्यावर तो मिटला. मग दिवाळी आली. चकली, शंकरपाळी आणि अनारसे यांपैकी बंड्याच्या पोटात नेमके किती गेले याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. वजनकाट्यावर तो ४१.२ किलो भरला, तेव्हा माझ्या मुलीने फोनमध्ये जुने फोटो काढून पाहिले आणि दोन वर्षांपूर्वी याला कंबर होती असे जाहीर केले.

पहिली भेट पाऊण तासाची होती आणि तिची सुरुवात काट्यावर झाली नाही, तर माझ्या हातावर झाली. डॉक्टरांनी मला मूठ आवळायला सांगितली आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीच्या उंचवट्यांवरून हात फिरवायला लावला. हाडे अशी टोचली तर प्राणी हडकुळा. मग मूठ सोडून पंजा सरळ धरायला सांगितला आणि पंजाच्या पाठीवरून बोटे फिरवायला लावली. हाडे दिसत नाहीत, पण हलक्या स्पर्शाला एकेक लागते, तर बरगड्या अशाच लागायला हव्यात. शेवटी तळहाताच्या अंगठ्याखालचा मांसल भाग चाचपायला सांगितला. त्यानंतर लगेच बंड्याच्या बरगड्यांवर हात ठेवला, तो थेट तिसऱ्या प्रकारात मोडत होता आणि बरगडी सापडण्यासाठी बोटे रुतवावी लागत होती. या पद्धतीला बॉडी कंडिशन स्कोअर म्हणतात. ही १ ते ९ अशी पट्टी असून कुत्र्यांसाठी ४-५ आणि मांजरांसाठी ५ हा योग्य आकडा मानतात, तर ५ च्या वर चढलेला प्रत्येक आकडा म्हणजे ढोबळ मानाने १० ते १५ टक्के जादा वजन. बंड्याला ७ आणि ८ यांच्या मधला आकडा मिळाला, ठमीला ७. काट्यावरचा आकडा जातीप्रमाणे आणि हाडापेराप्रमाणे बदलतो. हाताला लागणारी बरगडी मात्र फसवत नाही, आणि हे घरी कोणालाही पंधरा दिवसांतून एकदा विनाखर्च करता येते. मला विचाराल तर पहिल्या भेटीचे १,२०० रुपये या पाच मिनिटांतच फिटले.

आहार सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी बंड्याची रक्ततपासणी करून घेतली, कारण मध्यम वयाच्या कुत्र्यांत थायरॉइडचे काम मंदावले किंवा कुशिंग हा आजार जडला तरी अंग सुटते, आणि अशा वेळी नुसते खाणे कमी करणे म्हणजे मूळ दुखण्याकडे पाठ फिरवणे ठरते. बंड्याचे आकडे सर्वसाधारण निघाले. सासूबाईंना याचे थोडे वाईटच वाटले असावे, कारण आजार निघाला असता तर बिस्किटे निर्दोष सुटली असती.

यानंतरचा भाग हा या सेवेचा गाभा आहे असे माझे मत झाले आहे. डॉक्टरांनी मला बाजूला ठेवून सासूबाईंसमोर खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "आजी, कोणी रागावणार नाही. सकाळी उठल्यापासून तुम्ही त्याला काय काय देता, ते मला सगळं सांगा." सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिले. मग सकाळच्या चहाबरोबर ग्लुकोजची तीन बिस्किटे, संध्याकाळी तीन, दुपारच्या जेवणात तूप लावलेली एक पोळी, रात्रीची एक आणि झोपण्यापूर्वी कपभर दूध असा तपशील बाहेर आला. यातले निम्मे मला पहिल्यांदाच कळत होते. डॉक्टरांनी कागदावर बेरीज मांडली : बिस्किटे सुमारे १३० कॅलरी, पोळ्या २००, दूध १००. म्हणजे रोजच्या कोरड्या तयार खाद्याच्या दाण्यांखेरीज ४३० कॅलरी पोटात जात होत्या आणि आम्ही दाण्यांच्या पिशवीमागचा तक्ता वाचून निश्चिंत होतो.

दाण्यांचा हिशेबही खोटाच निघाला. आम्ही दिवसाला चार वाट्या देत होतो आणि एक वाटी म्हणजे १०० ग्रॅम असे धरून चाललो होतो. डॉक्टरांनी सांगितल्यावरून घरी येऊन तीच वाटी तिघांना आळीपाळीने भरायला लावली आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली. मुलीची वाटी ९६ ग्रॅम, नवऱ्याची ११२, सासूबाईंची शिगोशीग १३१. कुत्रा तोच, वाटी तीच, आणि कोण वाढते यावर त्याचे जेवण एक तृतीयांशाने कमी-जास्त होत होते. एकूण बेरीज दिवसाला सुमारे २,१०० कॅलरीच्या घरात गेली. तेव्हापासून आमच्याकडे वाटी बाद झाली असून दाणे ग्रॅममध्येच मोजले जातात. काट्याची किंमत चारशे रुपयांच्या आसपास असेल, आणि या सगळ्या खटाटोपात आम्ही घेतलेली ती सर्वांत उपयोगी वस्तू आहे.

आता आहार किती द्यायचा हे कसे ठरले, ते सांगते. विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणारी ऊर्जा काढण्याचे पशुवैद्यकांचे एक सूत्र आहे : किलोमधले वजन ०.७५ या घातांकाला चढवून त्याला ७० ने गुणायचे. वजन उतरवताना येथे आजचे वजन धरत नाहीत, तर गाठायचे वजन धरतात. बंड्यासाठी ३२ किलोचे लक्ष्य ठरले, त्यावरून दिवसाला ९४० कॅलरी निघाल्या. म्हणजे जे चालू होते त्याच्या निम्म्याहून कमी. एकदम एवढी कात्री लावली असती तर घरात बंड झाले असते, म्हणून पहिला महिना वरखाणे थांबवून जुनेच दाणे ३३० ग्रॅमवर आणले आणि दुसऱ्या महिन्यापासून कमी कॅलरीचे खाद्य २७० ग्रॅम सुरू केले. वजन आठवड्याला एक ते दोन टक्क्यांपेक्षा वेगाने उतरू द्यायचे नाही, अशी ताकीद होती. आमच्याकडून तो वेग कधी गाठला गेलाच नाही, त्यामुळे ताकीद मोडण्याचा प्रश्न आला नाही.

एकूण कॅलरींपैकी दहा टक्क्यांपर्यंत वरचे खाणे चालते, असा नियम आहे. ९४० चे दहा टक्के म्हणजे ९४ कॅलरी, आणि या ९४ कॅलरी डॉक्टरांनी अधिकृतपणे सासूबाईंच्या नावावर केल्या. मला ही युक्ती फार आवडली. "आजी, हे तुमचं खातं. यातून काय काढायचं, कधी काढायचं, तुम्ही ठरवा, पण उधारी नाही." सासूबाईंनी त्यासाठी एक लहान स्टीलचा डबा ठरवला आहे. सकाळी त्यात बिनतुपाच्या फुलक्याचे नखाएवढे तुकडे आणि उकडलेल्या फरसबीचे किंवा लाल भोपळ्याचे काप भरले जातात. मीठ नाही, फोडणी नाही. फुलक्याचे वीस तुकडे केले की बंड्याला ते वीस वेळा मिळाल्याचा आनंद होतो. तुकडा केवढा आहे याकडे त्याचे लक्ष नसते. डबा रिकामा झाला की दिवस संपला. पहिल्या आठवड्यात डबा सकाळी साडेनऊलाच रिकामा होई, आता रात्रीपर्यंत पुरतो.

बंड्या भुकेला असतो, मग त्याला उपाशी कसे ठेवायचे, हा सासूबाईंचा आक्षेप डॉक्टरांनी उडवून लावला नाही, आणि येथे त्यांचे वेगळेपण दिसले. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की, त्यांनी तपासलेल्या लॅब्रेडॉरपैकी जवळजवळ पाव कुत्र्यांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचवण्यात या जनुकाचा वाटा असतो. २०२४ मध्ये याच विषयावर पुढचे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात असे कुत्रे दोन जेवणांच्या मध्ये अधिक भुकेले असतात आणि विश्रांतीत ऊर्जाही कमी खर्च करतात असे आढळले. बंड्याच्या अंगात तो दोष आहे की नाही हे आम्ही तपासलेले नाही, पण सासूबाईंना जे कळायचे ते कळले : त्याची ती केविलवाणी नजर खोटी नाही, परंतु ती पोट रिकामे असल्याचा पुरावाही नाही. नसबंदीनंतर कुत्र्या-मांजरांची ऊर्जेची गरज कमी होते आणि भूक वाढते, हेही आम्हाला तेव्हाच कळले. चार वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली, त्याच दिवशी कोणी "आता वाटी कमी करा" असे सांगितले असते तर बरे झाले असते. नसबंदी करू नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या नवऱ्याला पटली, कारण त्याला आकडे लागतात. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे आयुष्यभर दिले गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे आणि दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले, शिवाय कमी खाणाऱ्यांचे सांधे उशिरा दुखू लागले. नवरा घरी येताना रिक्षात म्हणाला, "म्हणजे आपण प्रेमानं त्याची पावणेदोन वर्षं खाल्ली." सासूबाई मागे बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. रात्री दुधाचा कप मात्र भरला गेला नाही.

कमी कॅलरीच्या विशेष खाद्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. आधीच्याच दाण्यांचे प्रमाण निम्म्यावर आणले तर कॅलरीबरोबर प्रथिने, जीवनसत्त्वे आणि क्षारही निम्म्यावर येतात, आणि वजनाबरोबर स्नायूही झडतात. विशेष खाद्यात प्रथिने व तंतू जास्त आणि स्निग्धांश कमी असल्यामुळे हे टळते आणि भांडेही अगदी रिकामे दिसत नाही, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण बंड्याला महिन्याला आठ किलो लागतात आणि खर्च पूर्वीच्या दुपटीच्या पुढे जातो. वजन दोन-तीन किलोच जास्त असते तर वरखाणे बंद करणे आणि काटा वापरणे यावर भागले असते, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले, आणि खाद्य त्यांच्याकडूनच घ्यावे असा आग्रहही धरला नाही. याउलट, आम्ही त्याआधी ऑनलाइन मागवलेली वजन घटवण्याची एक पावडर दाखवली, तेव्हा त्यांनी डबा उलटा करून घटक वाचले आणि शांतपणे कचऱ्याच्या टोपलीकडे बोट केले.

व्यायामाबाबत आमची समजूत साफ चुकीची होती. वेताळ टेकडीवर रोज नेले की महिन्यात फरक पडेल असे आम्ही गृहीत धरले होते. डॉक्टरांनी पहिले तीन महिने टेकडी बंद केली, कारण ४१ किलोचे ओझे घेऊन उतार उतरताना सांध्यांवर ताण येतो. त्याऐवजी डहाणूकर कॉलनीतल्या सपाट गल्ल्यांमधून दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटे चालवायला सांगितले. हिशेबही करून दाखवला : चालण्यात ढोबळ मानाने किलोमीटरला किलोमागे एक कॅलरी खर्च होते, म्हणजे तीन किलोमीटर चालून बंड्या जे जाळतो ते पाच बिस्किटांत परत येते. चालणे स्नायूंसाठी, सांध्यांसाठी आणि त्याच्या मनासाठी. वजन उतरते ते भांड्यातूनच. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातनंतर डांबर तापते, म्हणून फिरण्याची वेळ साडेपाचवर आणली. तेव्हा आमच्या गल्लीत दूधवाले आणि आम्ही एवढेच असायचो.

फेब्रुवारीत गाडी अडली. ३७.९ किलोवर पाच आठवडे काटा हलेना. डॉक्टर दाणे आणखी दहा टक्के कमी करणार होत्या, पण त्याआधी त्यांनी नोंदवही मागितली. ही नोंदवही म्हणजे दोनशे पानी साधी वही असून घरातल्या प्रत्येकाने दिलेला प्रत्येक घास त्यात लिहायचा असतो. वहीत काही सापडले नाही. मग त्यांनी विचारले, "सकाळी फिरायला कोण नेतं आणि कुठे थांबतं?" सकाळी मुलगी नेते आणि ती इमारतीच्या फाटकापाशी मैत्रिणीची वाट पाहत दहा मिनिटे थांबते. त्या दहा मिनिटांत आमचे रखवालदार काका चहात बुडवून दोन खारी बंड्याला भरवत असत, तेही रोज आणि अत्यंत प्रेमाने. डॉक्टरांच्या हिशेबाने ते दीडशे कॅलरीच्या पुढे जात होते. काकांना मी समजावले तेव्हा ते ओशाळले आणि म्हणाले, "ताई, मला वाटलं, तुम्ही त्याला घरात काही देतच नाही, इतका आधाशासारखा बघतो." आता त्यांच्या टेबलावरही फरसबीची एक लहान डबी असते. दाणे कमी करावे लागले नाहीत आणि पुढच्याच महिन्यात काटा खाली सरकला.

गणपतीचे दिवस हा वेगळा अध्याय. त्याआधी बंड्या ३४ किलोवर आला होता. घरात दहा दिवस माणसांची वर्दळ, प्रत्येकाच्या हातात प्रसाद आणि प्रत्येकाच्या तोंडी "एका मोदकानं काय होतंय". दवाखान्याने आठवडाभर आधीच सर्वांना संदेश पाठवला होता, त्यात वजनापेक्षा एका वेगळ्याच धोक्यावर भर होता : खिरापतीत आणि शिऱ्यात घातलेले बेदाणे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात आणि किती खाल्ल्यावर अपाय होईल याचा भरवसा देता येत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगममधले झायलिटॉल हेही त्याच यादीत होते. आम्ही आरतीच्या वेळी बंड्याला आतल्या खोलीत ठेवू लागलो, तरी विसर्जनानंतर वजन ६०० ग्रॅमने वाढलेलेच निघाले. ते कोणी केले हे वहीत लिहिलेले नाही. मी विचारलेही नाही. आज तो ३३.७ किलोवर आहे, म्हणजे दहा महिन्यांत साडेसात किलो उतरले आणि लक्ष्याला पावणेदोन किलो बाकी आहेत. तिसऱ्या मजल्यापर्यंत तो आता न थांबता येतो, आणि वरून हात फिरवला की बरगड्या पंजाच्या पाठीसारख्या नसल्या तरी त्या दिशेने लागतात.

ठमीची गोष्ट मला अधिक तपशिलाने सांगायची आहे, कारण मांजर घेऊन जाणाऱ्यांनी ती वाचलीच पाहिजे. ती ५.८ किलोची होती आणि लक्ष्य ४.६ किलोचे ठरले. मांजरांच्या बाबतीत सूत्राच्या आकड्याचे ८० टक्के धरतात, त्यावरून दिवसाला सुमारे १७५ कॅलरी निघाल्या. तोवर तिच्यासाठी दाण्यांचे भांडे चोवीस तास भरलेले असे, आणि ती शेजारच्या काकूंकडे रविवारचे बांगड्याचे डोके खाऊन येई, ते वेगळेच. डॉक्टरांनी भरलेले भांडे बंद करून सकाळ-संध्याकाळ एकेक ओल्या खाद्याचे पाकीट आणि दिवसभरात मोजून दहा ग्रॅम दाणे असा बेत दिला. ओल्या खाद्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते, त्यामुळे तेवढ्याच आकारात कॅलरी खूप कमी मिळतात. हे दहा ग्रॅम दाणे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, खिडकीत आणि पुस्तकांच्या कपाटावर लपवायचे, म्हणजे तिला हुडकत फिरावे लागते. ट्रेमध्ये पंजा घालून एकेक दाणा बाहेर काढताना तिचा चेहरा सराफासारखा गंभीर होतो. तिचे भांडे आता फ्रिजवर असते, नाहीतर ते बंड्याच्या खात्यात जमा होते.

दूधभात बंद झाला. आपल्याकडे मांजर म्हणजे दूध हे समीकरण इतके घट्ट आहे की सासूबाईंना ते पटायला वेळ लागला. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही, आणि भाताने पोट भरले तरी मांजराला लागते ते मिळत नाही. मांजर पक्के मांसाहारी असून टॉरिन हे द्रव्य त्याला प्राणिज अन्नातूनच मिळते. ते कमी पडले तर हृदय आणि डोळे बिघडतात. आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात तिच्या पाकिटांसाठी एक वेगळा खण आणि वेगळा चमचा आहे, आणि त्या चमच्यावर लाल दोरा बांधलेला आहे.

सर्वांत महत्त्वाची सूचना मात्र उपासाविषयी होती. कुत्रा एखादा दिवस जेवला नाही तर सहसा बिघडत नाही, पण लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि हिपॅटिक लिपिडोसिस हा जीवघेणा आजार होऊ शकतो. मे महिन्यात आम्ही चार दिवस कोकणात गेलो, तेव्हा ठमीची सोय करणाऱ्या मुलीचा दुसऱ्या दिवशी फोन आला की ती कालपासून तोंड लावत नाही. मी दवाखान्याला कळवले. वीस मिनिटांत डॉक्टरांचाच फोन आला, "कॅलरी विसरा. तिला जे आवडत होतं ते द्या, जुने दाणे द्या, काकूंचा बांगडा द्या, पण खाऊ दे. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन यायला सांगा." बांगड्याने काम झाले. ज्यांनी खाणे कमी करायला सांगितले त्यांनीच ते तातडीने वाढवायला सांगावे, यावरून मला त्यांच्याविषयी खात्री वाटू लागली.

असे असूनही मांजरांसाठी सेवा निम्मीच म्हणते, त्याची कारणे ठोस आहेत. दवाखान्यातला काटा जमिनीवरचा, मोठ्या कुत्र्यांसाठीचा आहे आणि तो १०० ग्रॅमच्या टप्प्यांनी आकडा दाखवतो. ठमीने आठवड्याला अर्धा टक्का, म्हणजे सुमारे तीस ग्रॅम उतरणे अपेक्षित होते. तीन आठवडे आम्ही रिक्षाचे भाडे भरून ५.८ हाच आकडा पाहून परत आलो आणि घरात आता हे सोडून द्यावे अशी भाषा सुरू झाली. शेवटी नणंदेकडून तान्ह्या बाळाचा काटा आणला. तो १० ग्रॅमपर्यंत दाखवतो, आणि त्यावर ५,७८०, ५,७६०, ५,७३० असे आकडे उतरताना दिसू लागले. वजन उतरतच होते, फक्त दवाखान्याच्या काट्याला ते दिसत नव्हते. दुसरे, प्रतीक्षागृह एकच आहे. पिंजऱ्यात बसलेल्या मांजरासमोर दोन गोल्डन रिट्रीव्हर आणि एक धापा टाकणारा पग बसवून वीस मिनिटे वाट पाहायला लावणे, हे मांजराच्या डॉक्टरांना शोभत नाही. तिसऱ्या भेटीनंतर आम्ही ठमीला नेणेच थांबवले. घरच्या काट्यावरचा आकडा आणि वरून काढलेला फोटो पाठवतो आणि त्यावर सल्ला मिळतो, पण त्यासाठीही भेटीचे २५० रुपये पूर्ण घेतले जातात. दहा महिन्यांत ती ५.१ किलोवर आली आहे. डॉक्टर समाधानी आहेत, मी थोडी कमी.

आणखी एक तक्रार लेखी दिली होती. आहाराचा तक्ता फक्त इंग्रजीत होता. ज्या घरात कुत्र्याला वाढणारी व्यक्ती ७८ वर्षांची असून रोज मराठी वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचते, तेथे तो कागद फ्रिजवर लावून उपयोग काय? मी त्याचे मराठी करून, कपाच्या जागी ग्रॅम घालून सासूबाईंच्या अक्षरात लिहून घेतले आणि एक प्रत दवाखान्यात नेऊन दिली. आता तीच प्रत झेरॉक्स करून इतरांना देतात. माझी हरकत नाही, पण पहिल्या भेटीच्या पैशांत काही सूट मागायला हवी होती असे नंतर वाटले. वाहन लावायला जागा नाही, हे कोथरूडविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही.

नाव देता येत नसल्यामुळे, अशी सेवा आपल्या भागात शोधणाऱ्यांनी फोनवर काय विचारावे तेवढे सांगते. आहार देण्यापूर्वी रक्ततपासणी करतात का, बरगड्या चाचपून गुण देतात का, आणि कॅलरी आजच्या वजनावर काढतात की गाठायच्या वजनावर, हे विचारावे. खाद्य त्यांच्याकडूनच घ्यावे लागते का, हेही स्पष्ट करून घ्यावे. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला पहिल्या भेटीला सोबत न्यावे आणि तिच्याशी बोलायला डॉक्टर वेळ देतील का, हे आधी ठरवून घ्यावे. मांजर असेल तर पहिलीच वेळ मागावी आणि काटा किती ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो, हे विचारावे. आमच्या दवाखान्यात गेल्या गुरुवारी टेबलावर बाळाचा एक नवा काटा दिसला. कोणासाठी आणला, असे मी विचारले तर डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या पत्रानंतर आणला, पण ठमी आता येतेय कुठे?"